गाडीच्या कपाळावरचे भस्म

अपघाताला चालक असावा लागतो, हे मोटार कायद्याचे मूळ तत्त्व आहे. लातूरचे डाळमिलवाले शिवप्पा यांनी समोर अडथळा दिसताच आपणहून ब्रेक लावणारी गाडी घेतली आणि या तत्त्वाची पंचाईत झाली.

गाडीची पूजा रीतसर झाली. शिवप्पांनी तीन बोटांनी भस्माचे पट्टे गाडीच्या कपाळावर ओढले. गाडीचे कपाळ म्हणजे पुढच्या काचेचा वरचा मध्यभाग. अडथळे पाहणारा कॅमेराही नेमका तिथेच बसवतात (कारखान्यात कुणी शिवभक्त नसावा). 'कॅमेरा झाकला आहे,' असे गाडीने पडद्यावर नम्रपणे कळवले. शिवप्पांनी 'ठीक आहे' हे बटण दाबले, रस्ता गाडीवर सोपवला आणि फोनवर तुरीचा भाव विचारू लागले.

अहमदपूरजवळ गाडीने नरसिंगला उडवले. नरसिंग धान्याच्या मोंढ्यात पोती उचलतो. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. ऑपरेशन लवकर झाले नाही तर हाड वाकडे जुळेल, असे डॉक्टरांनी बजावले; आणि खर्च ज्याचा दोष त्याने द्यायचा होता. त्यामुळे दोष ठरवण्याच्या कामाला कमालीची गती आली आणि दीड महिन्यात भरपाई समितीची पहिली बैठक झाली. (समितीचा कारकून म्हणून इतिवृत्त मीच लिहिले.)

गाडीवाली कंपनी म्हणाली, यंत्रणा केवळ मदतनीस आहे (जाहिरातीत ती सारथी होती). विम्याच्या सर्व्हेअरने 'कॅमेऱ्यावर धार्मिक स्वरूपाचा थर, जाडी अंदाजे दोन मिलिमीटर' अशी अत्यंत अभ्यासू नोंद केली.

शिवप्पा म्हणाले, "म्या कुठं चालवत होतो? गाडीच चालवत होती. आन् देवाचं भस्म आडवं येतंय व्हय?"

शेवटी दोषाची वाटणी ठरली: चालक ३३ टक्के, कंपनी ३३, भस्म ३३. उरलेल्या एका टक्क्यासाठी पुढची तारीख मिळाली.

नरसिंगची बायको दारातच बसली होती. "साहेब, टक्के ऱ्हाऊ द्या. त्येंचा पाय वाकडा जुळायलाय. पोतं कसं उचलावं त्येंनी?" मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी सर्व्हेअरच्या अक्षराचे कौतुक केले.

एका प्रश्नावर मात्र तिन्ही पक्षांचे एकमत झाले. इथवर वाचताना तो तुम्हालाही पडला असेलच: हा नरसिंग नेमका उभा कुठे होता?

डांबरापासून चार हात लांब, हातगाड्यापाशी चहा पीत उभा होता. तरी तुमची शंका मी इतिवृत्तात घेतली आहे. तिच्याच आधारे काल नरसिंगला उरलेल्या एका टक्क्याची नोटीस निघाली.