आमच्या घरातली गाय

गाय व्हायचं ठरवलं तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होतो, हे आधीच सांगून ठेवतो.

झालं असं, नात जनावरांच्या डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला. पहिल्याच चाचणीत हाडांच्या विषयात आपटली. उशीएवढं पुस्तक मांडीवर घेऊन रडवेली होऊन म्हणाली, "आजोबा, तोंडी परीक्षेतही नापास झाले तर कॉलेज सोडते. सकाळी पाठ केलेली हाडं दुपारपर्यंत उडून जातात."

"गाय समोर असती तर जमलं असतं?"

"असतं. पण तिसऱ्या मजल्यावर गाय कशी चढवू?"

"मी चढलेलोच आहे की!" (आधी विचार, मग बोलणं, ही सवय मला अजून लागायची आहे.)

लगेच मी सतरंजीवर, हातापायांवर ओणवा. तिने चिठ्ठ्यांवर हाडांची नावं लिहून माझ्या जुन्या बनियन-पायजम्यावर टाचण्यांनी लावली. (टाचणी टोचली की मी हंबरायचो. तेवढीच तिच्या अभ्यासाला मदत.) गळ्याखालचं आडवं हाड तसंच राहिलेलं पाहून मीच म्हणालो, "याने काय पाप केलंय? लाव एक." दमलेल्या पोरीने तिथेही लावली.

पंधरा दिवस मी त्याच वेषात घरभर फिरलो. पाणी प्यायला उठलो, की नात मागून माझी हाडं पुटपुटत यायची. गॅसवाला मला पाहून सिलिंडर दारातच ठेवून पळाला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आमच्या हिने ते कपडे धुतले. चिठ्ठ्या काढून वाटीत ठेवल्या, एवढीच काय ती दया. मी शाळेत गेलेलो नाही, अक्षर वाचता येत नाही. पण लांब चिठ्ठी पाठीला, आखूड गुडघ्याला, असं काहीसं आठवत होतं. त्या अंदाजाने सगळ्या लावल्या आणि हजर झालो.

नात किंचाळली. "आजोबा! खूर छातीवर? शेपूट कोपराला? आणि बरगडी बसायच्या जागी?"

भराभर चिठ्ठ्या उपटून ती जागच्या जागी लावत सुटली. शेवटची लावली आणि थबकली. पुस्तक कोपऱ्यात मिटलेलंच होतं!

"आजोबा, मला सगळं येतंय!"

मग ती नाचली. मीही नाचलो, चारही पायांवर.

तोंडी परीक्षेत पंचवीसपैकी चोवीस मिळाले.

"एक कुठे सांडला?" मी विचारलं.

"गळ्याखालच्या हाडात. सर म्हणाले, 'गाईला ते नसतंच. तू कुठे पाहिलंस?'"

"मग?"

"मी म्हटलं, आमच्या घरच्या गाईला आहे."

मी मान खाली घातली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "मी पन्नास वर्षं सांगतेय, यांच्यात एक हाड जास्तीचं आहे. काम सांगितलं की नेमकं तेच दुखतं!"