चारची बस आणि लाल बॉल

शहरदर्शनाची शेवटची बस चारला सुटणार होती, आणि साडेतीन वाजता बाबा मिनीगोल्फच्या हिरवळीवर पालथे पडून शेवटच्या होलला कान लावून बसले होते. बसले कसले, आडवेच होते.

"बाबा, उठा ना," ताई दातओठ खात म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत. आतून आवाज येतोय."

झालं होतं एवढंच, की धाकट्याने शेवटच्या होलमध्ये आपला लाल बॉल ढकलला होता. आधीच्या सगळ्या होलमधून हात घालून बॉल काढता येत होता, अगदी पवनचक्कीच्या पोटातूनसुद्धा. हा मात्र गेला तो गेलाच. धाकट्याने ओठ बाहेर काढला. त्याला घरात भोंगा म्हणत, आणि ओठानंतर काय बाहेर येतं हे अख्ख्या बिल्डिंगला पाठ होतं.

दुसऱ्या कुणाचे बाबा असते तर काउंटरवर जाऊन विचारून आले असते. ताईचे बाबा प्लंबर होते. एखादी वस्तू आत गेली आणि बाहेर आली नाही, की त्यांच्या डोक्यात एकच दिवा पेटायचा. चोकअप.

ताईची नजर घड्याळावर होती आणि जीव आईत. आई बेकरीत रात्रपाळी करायची. हे शहर तिने पाहिलं होतं ते अंधारात, जाता-येता, डोळ्यांवर झोप घेऊन. उघड्या दुमजली बसमध्ये वर, सगळ्यात पुढे बसायचं आणि शहर उन्हात बघायचं, एवढीच तिची हौस. याआधी दोनदा ठरलं होतं. दोन्ही वेळा बाबांना वाटेत कुणाचा तरी गळका नळ दिसला. नळ थांबला, बस थांबली नाही. आज बाबांना फरफटत न्यावं लागलं तरी बेहत्तर, आई बसमध्ये बसणार होती.

"अहो, सोडा तो बॉल," आई म्हणाली.

"अगं, दोनच मिनिटं."

हे ऐकून आईने पर्स काखेत घट्ट धरली. ताईने पुन्हा घड्याळ बघितलं.

बाबा उठले आणि जमिनीला नाक लावून चालू लागले. "पाईप उतारानं घातलाय. म्हणजे इकडे जाणार." एका जोडप्याच्या ऐन रंगात आलेल्या खेळामधून, पुलाखालून, कुंडीला वळसा घालून ते काउंटरच्या मागे पोचले. तिथे एक लाकडी पेटी होती. पाईप तिच्यात शिरत होता आणि पेटीच्या तळाला झडप होती.

"बाबा, विचारूया का आधी?"

"विचारायचं काय त्यात? हा पाईप, ही पेटी." त्यांनी कडी ओढली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग दिवसभरात जमलेले सगळे बॉल धबाधबा खाली आले. लाल, पिवळे, निळे. उतारावरून घरंगळले, पायऱ्यांवरून टणाटण उड्या मारत फाटकाबाहेर पसार.

काउंटरवाली बाई धावत आली. "अहो, काय केलंत हे? शेवटच्या होलचा बॉल आमच्याकडेच परत येतो. खेळ संपतो तिथे. एवढा मोठा बोर्ड लावलाय."

"म्हणजे चोकअप नव्हता?" बाबांचा आवाज जरासा पडलाच.

"एक बॉल कमी झाला तरी साहेब मला सोलून काढतील."

आता पळून जाणं बरं दिसलं नसतं. सगळे बॉलमागे धावले. भोंगा रडायचं विसरून टोपीत बॉल भरत होता, आई पर्समध्ये. ताई एका हाताने बॉल वेचत होती, दुसऱ्या हाताने बाबांना ढकलत होती. रस्त्यावर पोचून तिने मान वर केली, तर समोरून दुमजली बस येत होती. स्टॉपवरून सुटलेली.

पण बस कचकन थांबली. पुढे रस्ताभर बॉलच बॉल.

"कुणाचे आहेत हे?" ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

बाबांनी वर्गात करावं तसं बोट वर केलं.

"आमची तिकिटं आहेत," ताई म्हणाली.

"स्टॉप मागे गेला, बाळ."

"बस तर थांबलीच आहे ना काका."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. "आधी रस्ता मोकळा करा."

मग काय, प्रवाशांनाही चेव आला. वरच्या मजल्यावरची मंडळीसुद्धा खाली उतरून बॉल वेचू लागली. ताईने ते पाहिलं, स्वतःच्या हातातले बॉल भोंग्याच्या टोपीत कोंबले आणि आईला धरून जिना चढली. सगळ्यात पुढची सीट रिकामी होती. तिथे आधी बसलेल्या आजोबांनी बॉल वेचून परत आल्यावर तोंड उघडलं, पण ताईच्या चेहऱ्याकडे बघून ते मुकाट मागे बसले.

पेटी पुन्हा भरली, बाबा आईशेजारी येऊन बसले, बस निघाली. पहिलं वळण येईपर्यंत आईची मान बाबांच्या खांद्यावर कलंडली. डोळे मिटलेले.

"झोपली," भोंगा कुजबुजला. "उठवू?"

"हात तर लावून बघ," ताई म्हणाली. तिला रडावं की हसावं कळेना. एवढा आटापिटा केला, आणि ही झोपली.

चौकात बस थांबली. समोर भलंमोठं कारंजं होतं, बंद पडलेलं, आणि त्याच्या बुडातून बारीक धार गळत होती. "इथे दहा मिनिटं थांबू," गाईड म्हणाला.

बाबा ताठ झाले. धारेकडे बघत त्यांची बोटं आपोआप काहीतरी पिळू लागली. त्यांनी आईचं डोकं हळूच, अगदी अलगद, खांद्यावरून सीटच्या पाठीकडे सरकवायला घेतलं.

आईने एक डोळा उघडला. तो चांगलाच टवटवीत होता.

"बसा," ती म्हणाली.

बाबा बसले.