गावंडेभाऊंची डावी सीट

अमरावतीच्या उन्हाळ्यात दुपारी आमच्या गल्लीत चिटपाखरूसुद्धा नसतं. घराघरांतले कूलर घरघरत असतात, कुत्री नालीत जाऊन पडतात आणि रस्ता पांढराफटक दिसतो. गेल्या उन्हाळ्यात अशा वेळी माझ्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडून आवाज यायचा. टुंग, टुंग, टुंग. मग गाडीचं दार उघडायचं. मग गावंडेभाऊंचा समजुतीचा सूर, "लाव वो पट्टा. कितीक खेपा सांगू?" मग खट्कन काहीतरी लागायचं आणि टुंगटुंग थांबायची.

यात घाबरण्यासारखं काही नाही म्हणा. फक्त भाऊ घरात एकटे राहायचे, आणि ज्या सीटचा पट्टा ते लावायचे त्या सीटवर कोणी नसायचं.

मी मुलींच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. शेजाऱ्यांवर त्याहून कमी. त्यामुळे पुढचं सगळं मी पाहिलं तसं सांगते आहे. पटलं तर पाहा, नाही तर राहू द्या.

गावंडेभाऊ पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. निवृत्त झाल्यावर लोक देवधर्माला लागतात, नाहीतर सुनेच्या मागे लागतात. यांनी अकोल्याहून एक स्पोर्ट्स कार आणली. कुण्या जिनिंगवाल्याच्या पोराने ती हौसेनं घेतली होती आणि हौस फिटल्यावर ताडपत्रीखाली ढकलून दिली होती. लाल रंग, दोन दारं, दोनच सीटा, आणि इतकी बसकी की शेजारून बकरी गेली तर बकरी उंच वाटावी. ट्रॉलीवर बांधून ती गल्लीत आली तेव्हा आम्ही सगळे दारात उभे होतो. सुलभावहिनी, म्हणजे भाऊंच्या मिसेस, ओवाळायला ताट घेऊन आल्या. त्यांनी गाडी पाहिली आणि ताट हातात तसंच राहिलं.

"बसाले तं बसन मी हिच्यात," त्या म्हणाल्या, "पन मले उठवन कोन?"

वहिनींचे गुडघे पार गेलेले होते. भाऊ छाती काढून म्हणाले, "मी उठवन ना! हिच्यातच बसवून तुले अकोल्याले नेतो, तुह्या माहेरी. फक्त गाडी तयार होऊ दे."

झालं. ती गाडी काही तयार होईना. कार्बोरेटर बसवला की क्लच रुसायचा. क्लचची समजूत काढली की रेडिएटर गळायचा. बॉडी फायबरची, तिला तडा गेला की भाऊ भांड्याला कल्हई करावी तशा मायेनं तो बुजवायचे आणि वरून लाल रंगाचा फवारा मारायचे. एकदा तो फवारा वाऱ्यानं माझ्या गच्चीवर आला आणि वाळत घातलेल्या माझ्या पांढऱ्याशुभ्र कुरडया गुलाबी झाल्या. मी भिंतीवरून तोंड सोडलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "रागावू नोका म्याडम. थोडकंसं राह्यलं."

हे त्यांचं पालुपद. कधी विचारा, काय म्हणते गाडी? "थोडकंसं राह्यलं." इंजिन अंगणात उघडं पडलेलं असो, चाकं विटांवर टेकलेली असोत, उत्तर तेच. वहिनी ओट्यावर गहू निवडत बसायच्या आणि तिथूनच पुटपुटायच्या, "थोडकंसं राह्यलं म्हनता म्हनता मीच थोडकीशी राह्यली बाप्पा." आम्ही हसायचो.

आणि एका हिवाळ्यात वहिनी खरंच गेल्या. चार दिवसांचा ताप काय आणि हे काय. गाडी अंगणात बॉनेट उघडं टाकून उभी होती.

मला वाटलं, आता ही गाडी भंगारात जाणार. पण दिवसकार्य आटोपल्यावर भाऊ पुन्हा पान्हे घेऊन शेडमध्ये शिरले. फरक एवढाच की आता सगळं काम डाव्या बाजूला. डावी सीट फोम घालून उंच केली. डाव्या दारावर धरून उठायला एक दांडा बसवला. डावीकडे एक चिमुकला पंखा आला. आणि एका नव्या गाडीतून काढलेली ती टुंगटुंगही डाव्याच सीटखाली बसली. माणूस बसलं आणि पट्टा लावला नाही की ती वाजते.

"तुमच्या बाजूले काई लावा की," मी म्हटलं.

"माह्या बाजूले काय करायचं? मी तं उडी मारून उतरतो."

ते सत्तरीचे होते. उडी कशी मारत होते ते मी रोज पाहतच होते.

मग गाडी डावीकडे कलायला लागली. भाऊ ओव्हरसिअर, त्यांना तिरपं खपत नाही. फरशी सपाट आहे का ते बघायला गवंडी वापरतात ती बुडबुड्याची पट्टी, पाणसळ, त्यांनी बॉनेटवर आडवी ठेवली. बुडबुडा उजवीकडे सरकलेला, म्हणजे डावी बाजू खाली. त्यांनी डाव्या स्प्रिंगा बदलल्या. बुडबुडा तिथंच. दोन्ही बाजूंची चाकं बदलली. बुडबुडा तिथंच. मी म्हटलं, शेडची जमीन उतरती असेल. भाऊंनी गाडी ढकलून रस्त्यावर आणली, मला बोलावलं आणि पट्टी ठेवली. बुडबुडा तिथंच. भर दुपारी रिकाम्या रस्त्यावर आम्ही दोघं त्या बुडबुड्याकडे बघत उभे राहिलो. माझ्या पाठीवरचा घाम गार झाला, हे मी नाकबूल करत नाही.

"वजन हाये," भाऊ एवढंच म्हणाले.

हे सगळं सुरू झालं पोळ्यापासून, असं ते मला नंतर म्हणाले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना पाहिलंही होतं. भाऊंच्या वडिलांकडे बैलजोडी होती. त्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं, ही रीत. भाऊंच्या दारात बैल नाही. म्हणून दरवर्षी ते गाडीच्या पुढच्या चाकांवरचा फुगीर भाग खांदा समजून चोळायचे. मी दात काढायची. त्या वर्षीही उजवा खांदा चोळून झाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग डावा. डाव्या दाराची काच खाली होती. भाऊंचं तोंड नेमकं खिडकीत गेलं आणि आवतन गाडीला जायचं ते आत, सीटला गेलं. ते तसेच वाकून राहिले. हात तुपाचा, आणि कितीतरी वेळ हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या द्यायला मी गेले, तर शेडमध्ये दोन ताटं वाढलेली. माझ्या देखत टुंगटुंग वाजली. सीटवर कोणी नव्हतं. पावसाळी दिवस, सीट ओली झाली असेल, असं मी तोंडानं म्हणत होते, पण पाय दाराकडे निघाले होते.

भाऊ ताट पुढे सरकवत म्हणाले, "आली."

पोळ्याला मी ओलीचं कारण दिलं, उन्हाळ्यात तापलेल्या तारेचं. विज्ञानाकडे कारणांचा तुटवडा नसतो. रात्री कडी मात्र मी दोनदा बघायला लागले.

चैत्रात पुण्याहून भाऊंच्या मुलाचे फोन सुरू झाले. सचिन चांगला पोरगा आहे. त्याचं म्हणणं एवढंच होतं की बाबांनी एकटं राहू नये, पुण्याला यावं. घर देऊन टाकू, गाडी विकून टाकू, फ्लॅटखाली तिला जागा नाही. भाऊ हो म्हणत होते आणि शेडमध्ये जाऊन नवीन काहीतरी खोलून ठेवत होते. शेवटी सचिननं परस्पर नागपूरचा एक गिऱ्हाईक पाठवला.

हा माणूस भर बारा वाजता आला. अंगानं भरलेला, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात गोफ. गाडीभोवती फिरला, बॉनेट वाजवून पाहिलं आणि डावं दार उघडलं.

"तिथं नोका बसू, साहेब," भाऊ म्हणाले.

"कावून? सीट ढिल्ली हाये काय?" म्हणत तो धपकन बसलाच. पट्टा लावला नाही. आम्ही वाट पाहिली. टुंगटुंग वाजेना. एवढा धिप्पाड माणूस बसलेला आणि गाडी गप्प.

"काका, तुमचा हा बजर तं बंद हाये," तो हसत उतरला आणि त्यानं दार लावलं.

आणि मग ती वाजायला लागली. टुंग, टुंग, टुंग. रिकाम्या सीटवरून, नेहमीपेक्षा जोरात. भाऊंनी खिडकीतून हात घातला, पट्टा ओढून खट्कन लावला आणि हळूच म्हणाले, "गेला वो तो. रागावू नोको."

गिऱ्हाइकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "या गाडीत काई तरी हाये," असं म्हणत तो उलट्या पावली गेला. मी दिलेलं पन्हं ग्लासात तसंच राहिलं. मला आधी हसू आलं, मग भाऊंकडे पाहिलं आणि हसू गेलं. ते डावं दार दोन्ही हातांनी धरून उभे होते.

"म्याडम, सचिन दुसरा गिऱ्हाईक आनन," ते म्हणाले. "गाडी गेली तं ही कोनाच्या घरी जाईन? कोन्या परक्याच्या दारात उतरन?"

"मंग अकोल्याले नेऊन सोडा ना तिले," मी तिडकीनं बोलले. "आखाजी आली. लेकी माहेरी जातात. गाडी चालू होते, मी कानानं ऐकलं. काय राह्यलं तिचं एवढं?"

भाऊंनी डाव्या दाराचा दांडा फडक्यानं पुसला. कूलर घरघरत होते.

"गाडी तं कवाचीच तयार हाये," ते म्हणाले. "पन नेली का सोडून यावं लागन. तिथून मले एकटंच वापस यावं लागन, म्याडम. म्हनून म्या काई ना काई खोलून ठेवतो."

मी त्यांचे पान्हे उचलले आणि माझ्या घरी नेऊन ठेवले.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सकाळी भाऊ निघाले. डाव्या सीटवर वहिनींची हिरवी साडी घडी करून ठेवली आणि वरून पट्टा लावला. मला म्हणाले, "तुमी एसटीनं व्हा पुढं. तिथं कोनी तरी ओळखीचं उभं पायजे." दोनच सीटा, करते काय? बडनेऱ्यापासून ते खिडकीतून मला दिसत होते. लाल गाडी ट्रकांच्या मधून मुंगीसारखी, डावीकडे किंचित कललेली. मग बस पुढं निघून गेली.

अकोल्याला वहिनींच्या भावाच्या घरी मी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गल्लीत माणूस नाही, वारा नाही. त्या भावाची बायको शेवंताबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली, जावई यायचे म्हणून ओवाळून टाकायला. तिला मी गाडीचं काहीच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय?

गाडी आली. भाऊ आपल्या बाजूनं उतरले, धडपडत. वळसा घालून डाव्या बाजूला आले. दार उघडलं, आत वाकून पट्टा सोडला आणि दोन्ही हात पुढे केले.

"ये. हळू. घाई नोको करू, म्या धरलं तुले."

गुडघे गेलेलं माणूस बसक्या गाडीतून निघायला जेवढा वेळ घेईल तेवढा वेळ ते तसेच उभे होते. मग त्यांनी पाय रोवले आणि अंग मागे टाकलं. त्यांच्या मनगटाच्या शिरा फुगल्या. मी डोळे चोळले नाहीत, चष्मा पुसला नाही, नीट पाहिलं. गाडीची डावी बाजू हळूच वर आली, स्प्रिंग कुरकुरली आणि थांबली.

शेवंताबाईनं भाकरीचा तुकडा भाऊंवरून ओवाळला. मग अर्धं पाऊल बाजूला सरकून, भाऊंच्या डावीकडे जिथं कोणीच नव्हतं तिथून पुन्हा ओवाळला, आणि दूर फेकून दिला. मी तिच्याकडे पाहिलं. ती स्वतःच गोंधळली होती. डोळ्यांना पदर लावून आत गेली.

जेवणं झाल्यावर भाऊंनी डिकीतून पाणसळ काढली आणि बॉनेटवर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध होता. अकोल्याचा रस्ता सपाट असेल. मी तसं म्हणणार होते, म्हटलं नाही. हिरवी साडी त्यांनी शेवंताबाईच्या हातात दिली. आत वहिनींच्या जुन्या खोलीच्या उंबऱ्याशी थोडा वेळ उभे राहिले, चप्पल न घालता.

परतीला मी डाव्या सीटवर बसले. उंच फोम, हाताशी दांडा, तोंडावर पंखा. सगळं कोणासाठी तरी बेतलेलं. पट्टा लावायचं मी मुद्दामच विसरले आणि कान देऊन राहिले. काही वाजलं नाही. अकोला मागे पडलं, बोरगाव गेलं, काही वाजलं नाही. मला मेलीला रडू यायला लागलं. वर्षभर ज्या आवाजानं माझी दुपारची झोप मोडली, त्याच आवाजाची मी वाट पाहत होते.

मूर्तिजापूरच्या अलीकडे भाऊ म्हणाले, "पट्टा लावा, म्याडम. आता आठवन देनारं कोनी नाई."

मी लावला. काहीतरी बोलायचं म्हणून, सवयीनं, विचारलं, "मंग भाऊ, काय म्हनते गाडी? काय राह्यलं आता?"

त्यांनी समोर रस्त्याकडे पाहत गियर बदलला. गाडी अगदी सरळ, मऊ चालली होती, कुठं काही खडखडत नव्हतं.

"काई नाई राह्यलं," ते म्हणाले.