मृदंग कोणी फोडला?

सव्वाचारला गावाहून वडिलांचा, अण्णांचा फोन आला तेव्हा प्रमोद ठाण्याच्या ऑफिसात चहा पीत होता. काम किरकोळ होतं. रत्नागिरीच्या जाखडी नाचाच्या स्पर्धेसाठी वाडीच्या पथकाचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता, फोटो काही केल्या चढत नव्हता आणि मुदत पाचला संपत होती. गेल्या वर्षी मुदत हुकली म्हणून पोरं वर्षभर धुमसत होती. यंदा हुकली असती तर पथकप्रमुख म्हणून अण्णांना, म्हणजे काशीराम गुरुजींना, वाडीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. शिवाय पथकाचा मृदंग वाजवायचा मान दर गणपतीला प्रमोदचा.

"दोन मिनिटांचं काम, अण्णा!" प्रमोद म्हणाला. सगळ्या नातेवाइकांचे कॉम्प्युटर तो बसल्या जागेवरून दुरुस्त करी, आणि त्याची त्याला भारी ऐट होती. "मी इथूनच तुमचा कॉम्प्युटर चालवतो. ते निळं चिन्ह दाबा, नंबर येईल तो सांगा."

निळं चिन्ह दाबताच पडद्यावर लाल पाटी आली: धोकादायक प्रोग्रॅम अडवला आहे. हा अँटीव्हायरस शिमग्याला प्रमोदनेच बसवला होता.

"मग तो अँटीव्हायरस पाच मिनिटं बंद करा."

पलीकडे कागद सळसळला. "फोनवरून जो अँटीव्हायरस बंद करायला सांगेल तो चोर समजावा," गुरुजींनी वर्गात धडा वाचावा तसं वाचलं. "आवाज माझा असला, फोन तुम्हीच लावलेला असला तरी. हल्ली आवाज हुबेहूब काढतात. खाली सही, प्रमोद."

"अहो, तो कागद मीच लिहिलाय!"

"ते चोरालापण ठावं असंल."

"आईला द्या फोन."

"मी नाय बाबा मधे पडायची," जाईबाई लांबूनच ओरडली. "कागद तुझा, बाप तुझा!"

कागदाच्या शेवटी एक सोय होती. शंका आली तर घरच्यांनाच माहीत असलेला प्रश्न विचारावा. गुरुजींनी विचार करून विचारलं, "तू सातवीत होतास तेव्हा पथकाचा मृदंग कोणी फोडला?"

प्रमोदने चहाचा कप खाली ठेवला. आळ शेजारच्या रितेशवर गेला होता, आणि तो प्रमोदनेच घातला होता. पंचवीस वर्षं ही गोष्ट त्याने पोटात ठेवली होती. म्हणजे अण्णांना सगळं ठाऊक होतं तर! त्याला एकदम हलकं वाटलं.

"मीच, अण्णा. पाय पडला माझा. चुकलंच."

"साफ चूक!" गुरुजी कडाडले. "रितेशने फोडला. माझा प्रमोद मृदंगाला पाय लावायचा नाय. चोर कुठला!" आणि फोन बंद.

एवढ्या वर्षांनी खरं बोलला आणि चोर ठरला! पुढचे दोन फोन कोणी उचलले नाहीत. तिसरा उचलला तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती.

"प्रश्न तोच हाय," गुरुजी म्हणाले. आवाज मघासारखा कडक राहिला नव्हता.

प्रमोदला मनापासून लाज वाटली. पण वीस जणांचं पथक होतं. तो खाकरला. "रितेशने."



"पटली ओळख," गुरुजी म्हणाले. "खोटं बोलायच्या आधी खाकरतोस तू, ल्हानपणापासून. मघाशी खाकरला नाहीस, म्हणजे ते खरं होतं; तिथंच मी फसलो. सांग, काय बंद करू?"

अँटीव्हायरस बंद झाला, नंबर मिळाला आणि अण्णांचा पडदा ठाण्यात उघडला. प्रमोदने झपाझप फोटो लहान करून चढवला. चार सत्तावन्नला तो 'पाठवा'वर टिचकी मारणार, तोच बाण त्याच्या हातून निसटला. तिकडून अण्णांनी माउस धरला होता. बाण कलाकारांच्या यादीत शिरला. 'रितेश – झांज.' पंचवीस वर्षं त्या बिचाऱ्याला कोणी मृदंगाजवळ फिरकू दिलं नव्हतं. 'झांज' पुसली गेली आणि एका बोटाने, शोधून शोधून, 'मृदंग' उमटला. मग बाण प्रमोदच्या नावापाशी आला.

"अण्णा, एकच मिनिट उरलंय!"

"गप. झांज लिहितोय."

प्रमोदने माउसवरचा हात काढून घेतला. चार एकोणसाठला अर्ज गेला.

"आता रितेशला फोन तूच लाव," गुरुजी म्हणाले. "आणि खाकरू नको."