प्रवासी वगळून वेळेवर

म्बेयाहून सरहद्दीपलीकडच्या कसामाला जाणारी गाडी फार उशिरा पोचते, ही बाब रेल्वेच्या वरिष्ठांच्या निदर्शनास आली. यायला बरीच वर्षं लागली, कारण ती निदर्शनास आणणारं शिष्टमंडळ त्याच गाडीने निघालं होतं.

तातडीने प्रवासकाल सुधार समिती नेमण्यात आली. अध्यक्ष सिमुकोंडासाहेब विमानाने आले आणि सखोल अभ्यास करून विमानानेच परतले. निष्कर्ष स्पष्ट होता : गाडी मुळात वेगवानच आहे, तिला उशीर होतो तो प्रवाशांमुळे. ते चढतात, उतरतात, सरहद्दीवर पासपोर्ट शोधायला अख्खी पिशवी उपसतात. सबब, यापुढे प्रवाशांनी सरहद्दीवर उतरून पायी पलीकडे जावे. गाडी न थांबता पुढे जाईल.

पहिल्याच सुधारित गाडीत तुसेकिले होती. दुसऱ्या दिवशी कसामाला तिचं लग्न होतं. बरोबर आतुपेलेमावशी आणि मावशीच्या मांडीवर लग्नाचा केक.

सरहद्दीवर सगळे उतरले. मावशी उतरेना.

"मावशी, उतरा. गाडी प्रवाशांशिवाय जाणार आहे," गार्ड म्हणाला.

"माझे गुडघे धरलेत. मला सामान समज."

गार्डने विचार केला. सामानाबद्दल आदेशात काहीच नव्हतं. त्याने मावशीच्या खांद्यावर 'नाजूक' अशी चिठ्ठी चिकटवली आणि शिट्टी फुंकली.

तुसेकिले पासपोर्टवर शिक्का मारून घेऊन धापा टाकत पलीकडच्या फलाटावर आली, तेव्हा गाडीची शेपटी वळणाआड जात होती. फलाटावर सिमुकोंडासाहेब हिरवा झेंडा घेऊन उभे होते. डोळे पाणावलेले.

"साहेब, आमची गाडी?"

"गेली! वेळेच्या आधी गेली!"

"अहो, पण आम्ही इथे आहोत!"

"तुमच्यासाठी थांबली असती तर तो थांबा झाला असता, बाई. थांबे आम्ही रद्द केलेत."

"उद्या माझं लग्न आहे हो!"

"अभिनंदन," साहेब म्हणाले. "फार लांबतात लग्नं. त्यावरही समिती हवी."

तुसेकिले आधी रडली, मग चिडली आणि शेवटी टोमॅटोच्या ट्रकवर चढली.

कसामाला गाडी विक्रमी वेळेत पोचली. बँड वाजला. दार उघडलं आणि केक घेऊन मावशी उतरली. सामानाला हार घालता येतो का, यावर अधिकाऱ्यांची कुजबुज झाली. शेवटी हार केकला घातला.

नवरा मुलगा म्वेन्या धावत आला. "मावशी, तुसेकिले कुठंय?"

"येतेय मागून. तिच्यात सुधारणा चाललीय."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ट्रक थेट चर्चच्या दारात येऊन थांबला. लग्न लागलं. पंक्तीत ट्रकचालक कापेम्बवाही बसला. मक्याच्या पिठाची न्शिमा आणि कोंबडीचा रस्सा वाढून झाला, तसे सासरे बोलायला उभे राहिले.

"अशी गाडी अख्ख्या खंडात नाही! आणि अभिमानाने सांगतो, आमची सून त्याच गाडीने आली!"

बायकांनी आनंदाने जीभ हलवत लुलुकार केला. तुसेकिलेने ओढणीला चिकटलेलं टोमॅटोचं साल हळूच काढलं आणि मान खाली घातली. गाडीवाली सून! आजवर तिला एवढा मान कुणी दिला नव्हता.

"पण गाडी तर रिकामी होती," कापेम्बवा घास तोंडात ठेवून म्हणाला. "ही बया माझ्या ट्रक..."

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. सर्वांत आधी नवरीच कडाडली.

"काय रे ए, चांगलं काही झालेलं बघवत नाही का तुला?"

कापेम्बवाने आजूबाजूला पाहिलं. नवरीच्या बोलण्यावर सगळे टाळ्या वाजवत होते आणि रस्सा अजून एकदा फिरायचा होता. त्याने हात पुसले आणि टाळ्या वाजवल्या. पुष्कळ वाजवल्या.

हसू नका. त्या पंक्तीत तुमचंही पान मांडलेलं असतं, तर टाळ्यांआधी तुम्ही हातसुद्धा पुसले नसते.