गाडीत खोट हवी

मुलीचा फोन आला तेव्हा निरीक्षकसाहेब एकट्यासाठी दोघांचा चहा टाकून बसले होते. बायकोला जाऊन वर्ष होत आलं तरी हाताला पाण्याचं माप बदलता येत नव्हतं; आणि हा माणूस जन्मभर वजनमाप खात्यात नोकरी करून निवृत्त झाला होता!

मुलगी दूर डोंगरात जनावरांची डॉक्टर होती. तिचा फोन रविवारी यायचा. "जेवलात?" "हो." "गोळी घेतलीत?" "हो." "ठेवू?" "ठेव." एवढ्यात आटपायचं. पूर्वी बोलायचं खातं बायकोकडे होतं. साहेबांच्या हातात फोन यायचा तो बंद करण्यापुरता.

पण आज रविवार नव्हता.

"बाबा, एक काम होतं. मला एखादी जुनी डिझेल एसयूव्ही बघून द्याल? भरवशाची. परवा चिखलात स्कूटर रुतली आणि मी पोचेपर्यंत गाय वाट बघून बघून आपली आपणच व्याली."

"मी बघू?"

"तुम्ही ऑफिसची जीप चालवायचात ना? तुम्हाला कळतं."

जीप त्यांनी चालवली होती हे खरं, पण तिचं बोनेट कधी उघडलं नव्हतं. तरी ते ताठ बसून म्हणाले, "बघतो."

दुसऱ्याच दिवशी ते जुन्या गाड्यांच्या बाजारात गेले. तिथला मोठा दलाल 'चकचक' या नावाने ओळखला जाई, कारण तो दिसेल त्या वस्तूला पॉलिश मारायचा. त्याने एक पांढरी गाडी पुढे केली.

"साहेब, लेडीज वापरलेली. सकाळपासून जागची हललेली नाही."

साहेबांनी सहज बोनेटवर हात ठेवला. "मग इंजिन गरम कसं?"

"ऊन लागलं असेल."

"गाडी सावलीत आहे."

चकचकचा चेहरा पडला. त्या गाडीचं थंड इंजिन एका दमात चालू होत नसे, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधीच त्याने ते तापवून ठेवलं होतं. साहेबांना डिझेलचं काही कळत नसलं तरी निरीक्षक यायच्या आधी केलेली तयारी त्यांना लांबून कळायची.

संध्याकाळी त्यांनी आपणहून मुलीला फोन लावला आणि सगळा किस्सा सांगितला. ती खळखळून हसली. मग चकचक कसा दिसतो ते तिने विचारलं, मग गायीचं कसं आहे ते यांनी विचारलं. फोन ठेवला तेव्हा साहेबांचा कान गरम झाला होता आणि घर नेहमीइतकं मोठं वाटत नव्हतं.

पुढच्या गाडीने निळा धूर सोडला. तिच्यानंतरच्या गाडीची चटई उचलल्यावर खाली गंजलेला पत्रा निघाला. रोज एक गाडी, रोज एक फोन. आणि मग ती लाल गाडी आली. चढावर दमली नाही, धूर नाही, गळती नाही. शेजारचा फिटर खाली आडवा होऊन बघून आला आणि म्हणाला, "साहेब, डोळे झाकून घ्या."

साहेब खुशीत घरी आले, फोन उचलला आणि थबकले. गाडी सापडली म्हणून सांगायचं. पण मग उद्या काय सांगायचं? जेवलो? गोळी घेतली?

"कशी निघाली हो, काल म्हणत होतात ती लाल गाडी?" मुलीने विचारलं.

"तशी बरी आहे. पण स्टिअरिंग जरा... डावीकडे आहे."

"ओढतं?"

"ओढत नाही. पण मनातून डावीकडे आहे."

मुलगी म्हणाली, "मग नको, बाबा. उद्या आपलं मनातून उजवीकडे गेलं तर भांडण व्हायचं."

जन्मभर दुकानदारांना तराजूची दांडी मारताना पकडणारा माणूस त्या दिवशी स्वतः दांडी मारून शांतपणे झोपला.

मग सवयच लागली. एका गाडीचा हॉर्न उद्धट होता, एकीच्या सीटवर बसल्यावर उदास वाटायचं. पण बाजाराला आतली गोष्ट काय ठाऊक? फिटरने पास केलेली गाडी साहेबांनी नाकारली, म्हणजे साहेबांना फिटरच्या पलीकडचं दिसतं, अशी हवा पसरली. गिऱ्हाइकं त्यांच्या मागून फिरू लागली. साहेब ज्या गाडीपाशी उसासा टाकत, तिचा सौदा तिथेच मोडे. एकदा त्यांना एका गाडीजवळ नुसती शिंक आली, तर इसार देऊन बसलेला माणूस इसार परत मागू लागला.

शेवटी एका सकाळी सगळे दलाल चकचकला पुढे घालून साहेबांच्या दारात हजर झाले. फाटकापाशी एक करडी गाडी उभी होती.

"साहेब, हात जोडतो, एक तरी गाडी पसंत करा," चकचक म्हणाला. "बाजार बसला हो. ही मी बहिणीसाठी काढून ठेवली होती. हिला पॉलिशसुद्धा मारलेलं नाही!"

साहेबांनी बोनेटवर हात ठेवला. गार. किल्ली फिरवली, गाडी एका दमात चालू झाली. त्यांनी धूर बघितला, तेल बघितलं, चटया उचलल्या, चढावर नेली, खड्ड्यात घातली. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर नातेवाईक उभे राहतात तसे दलाल फाटकाशी उभे होते. त्यांचे चेहरे बघून साहेबांची जीभ खोटं बोलायला वळेना. शिवाय तिकडे पोरगी चिखल तुडवत होती.

"चांगली आहे," ते म्हणाले. चकचकने त्यांना मिठीच मारली.

संध्याकाळी त्यांनी फोन केला. "सापडली. खोट नाही."

"नीट बघितलीत, बाबा?"

"बघितली."

"आरसे?"

"दोन्ही आहेत."

"वायपर?"

"चालतात."

"काहीच नाही?"

"नाही गं."

"बरं," तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मग... ठेवू?"

पोरगी पैशाच्या काळजीत पडली असणार, असं साहेबांनी ठरवलं. ज्या गाडीने आपल्याला इतके दिवस बोलायला विषय दिला, ती आपणच घेऊन द्यावी. दोन दिवसांनी व्यवहार उरकून, तिला न कळवता, ते स्वतः गाडी घेऊन निघाले. घाटात शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून त्यांनी एकदोनदा "भीती नाही ना वाटत?" असंही विचारलं आणि गिअर बदलला.

मुलीच्या दवाखान्याच्या अंगणात त्यांनी गाडी आत घेतली आणि कचकन ब्रेक दाबला. समोर एक हिरवी डिझेल एसयूव्ही उभी होती. चाकं चिखलाने माखलेली, मागच्या सीटवर गवत आणि गवतात एक शेळी.

मुलगी कोपरापर्यंत साबण लावलेले हात घेऊन बाहेर आली. "बाबा! तुम्ही?"

"ही कुणाची?"

"शेळी होय? पलीकडच्या आजीची."

"गाडी!"

मुलीने हातांवरच्या फेसाकडे बघितलं. "माझी."

"कधी घेतलीस?"

"तुम्ही बघायला लागलात त्याच आठवड्यात. इथल्या मास्तरांची बदली झाली, जाताना देऊन गेले."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"त्याच संध्याकाळी सांगणार होते. फोन उचलला, तर तुम्ही हॅलोसुद्धा न म्हणता सुरू झालात, 'अगं, निळा धूर!'" ती थांबली. "आई गेल्यापासून तुमचा तसा आवाज ऐकला नव्हता, बाबा. म्हटलं, बघू देत अजून एखादी."

साहेबांनी करड्या गाडीच्या बोनेटवरून हात फिरवला. मग म्हणाले, "ती लाल गाडी चांगली होती."

"माहितेय मला."

दोघं दोन गाड्यांच्या मधे उभी राहिली. आता विचारायचं काही उरलं नव्हतं आणि लपवायचंही. अंगणात एकदम पोकळी आली. शेळीने ओरडून ती भरायचा प्रयत्न केला.

"आता ही तुमची विकायला लागणार," अखेर मुलगी म्हणाली.

"परत खाली नेतो."

"खाली कशाला? इथेही लोकांना गाड्या लागतात. पण मला दवाखान्यातून फुरसत नाही. गिऱ्हाईक बघायला तुम्हालाच राहावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळीच वरच्या गावातला मधमाश्या पाळणारा आला. त्याने गाडी चालवून बघितली, खूश होऊन उतरला, घासाघीस न करता सांगितलेली किंमत कबूल केली आणि खिशात हात घातला.

साहेबांनी मुलीला हळूच बाजूला घेतलं.

"माणूस तसा बरा आहे," ते कुजबुजले, "पण गिअर टाकताना जीभ बाहेर काढतो."

"अरे देवा," मुलगी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, आणि त्या बिचाऱ्याला नकार कळवायला गेली.