बठ्ठं फुकमां शे

आमच्या शेजारचे नाना खुर्चीत बसण्याआधी खुर्चीला फुंकर मारतात. चष्म्याला मारली तर समजण्यासारखं आहे. पण नाना बिस्किटाला मारतात, घराच्या किल्लीला मारतात, एसटीच्या तिकिटाला मारतात. एकदा तर माझ्या नवऱ्याच्या टकलावर फुंकर मारून मोकळे झाले. वर म्हणतात, "काही नही, केस व्हता." टकलावर केस! आमचे हे तेवढ्यावरच खूश.

त्यांचाही दोष नाही म्हणा. इथे शिंदखेड्यातच त्यांची पिठाची गिरणी होती, घराला अगदी चिकटून. सगळा जन्म पिठात गेला. जगातल्या प्रत्येक वस्तूवर पीठ बसलेलं असणारच, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलंय. गिरणी विकून वर्षं लोटली, पण फुंकर काही सुटली नाही. काहीही बिघडो, रेडिओ असो की मिक्सर, नानांचं औषध एकच. "बठ्ठं फुकमां शे!" म्हणजे सगळं फुंकरीत आहे. मी नाशिकहून नवी नवी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, हे मंत्रबिंत्र टाकतात की काय!

मागच्या वर्षी अक्कांना, म्हणजे नानांच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, आणि अक्कांचं बोलणं म्हणजे काय विचारता! पायही सावरला. पण उजवा हात पडला तो पडलाच. डॉक्टर म्हणाले, बोटं चालवत राहा, नाहीतर हात असाच राहील. दाबायला एक रबरी चेंडू दिला. अक्कांनी तो डाव्या हातानं थेट खिडकीबाहेर भिरकावला. "मी काय ल्हान पोर शे का?" त्यानंतर हात पदराखाली झाकून बसायच्या. कोणी आलं की आणखी आत घ्यायच्या. फार वाईट वाटायचं बघून.

अशात एके सकाळी नाना आमच्या दारात उभे. हातात धुळकट व्हिडिओ गेम, वर कडुनिंबाचा वाळका पाला. गेम गव्हाच्या कोठीत ठेवला होता. कीड लागू नये म्हणून पाला! मी गेमची पिवळी कॅसेट खाचेतून ओढली तर आतून एक टोका किडा निघाला, गव्हातला, चांगला तुरुतुरु चालत.

"नाना, हे काय आता या वयात?"

"माले खेळनं शे," नाना छातीवर हात ठेवून म्हणाले.

खोटं बोलताना नाना नेहमी छातीवर हात ठेवतात. गेम आणला होता लेकासाठी, तो आता सुरतेला असतो. पण त्या घरातली खरी खेळाडू अक्का. दुपारची भांडी झाली की पदर खोचून रणगाड्यांचा गेम लावायच्या. गल्लीतली सगळी पोरं हरवून घरी पाठवायच्या. मध्येच चित्र गेलं की भिंतीवर थाप मारून ओरडायच्या, "आयकं का? फुक मारा!" पलीकडून नाना दळण टाकून, भुवयांसकट पांढरे होऊन यायचे. कॅसेट काढायची, फूऽऽ, खोचायची. गेम सुरू. पुन्हा गिरणीत.

आता मात्र फुंकून फुंकून नानांना घेरी यायची वेळ आली, पण पडद्यावर नुसत्या मुंग्या. शेवटी गेम पिशवीत घालून धुळ्याला नेला. तिथला दुरुस्तीवाला हसला. "आबा, तुमच्या फुंकरीनंच वाट लावली. तोंडातली वाफ बसून आतल्या पट्ट्या काळ्या पडतात."

नाना परत आले ते लालबुंद. "मन्ही फुक खराब शे म्हने!" त्या संध्याकाळी चहासुद्धा न फुंकता प्यायले आणि जीभ भाजून घेतली. कोणावर राग, कोणाला चटका!

मग मीच बसले. कॅसेटच्या पितळी पट्ट्या खोडरबरानं घासल्या. इंजेक्शनआधी लावतात ते स्पिरिट कापसावर घेऊन पुसल्या, तेव्हा कापूस काजळासारखा काळा झाला. गेमची खाचही जुन्या टूथब्रशनं साफ केली. सगळं वाळू दिलं, कॅसेट खोचली, आणि टींटीं करत रणगाडे हजर!

नानांनी एक रिमोट अक्कांच्या मांडीवर ठेवला, दुसरा स्वतः घेतला. अक्कांनी तोंड फिरवलं. नानांनी पहिल्याच मिनिटात आपला रणगाडा भिंतीत अडकवला. मग दुसरा. मग तिसरा. मला वाटलं मुद्दाम हरताहेत. छे हो! त्यांना खरंच काही येत नव्हतं.

"आवं, तथा कथा चालनात!" अक्कांना राहवेना. डाव्या हातानं त्यांनी रणगाडा फिरवला. पण गोळीचं बटण उजवीकडे. "गोई मार, गोई!" नाना ओरडत होते. अंगठा हलेना. अक्कांचा रणगाडा गेला. त्यांनी रिमोट आपटला. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच मागितला. रोज चिडायच्या, रोज मागायच्या. आणि एका दुपारी त्यांचा अंगठा दबला. एकच गोळी सुटली, तीही विटेला लागली. नाना गल्लीभर सांगत फिरले.

पण हळूहळू नाना गप्प व्हायला लागले. गेम बंदच पडेना! अक्का एकट्या खेळायच्या, नाना शेजारी हात बांधून बसायचे. "आते मन्हं काय काम?" असं पुटपुटत एकदा चहा ठेवायला आत गेले. मी तिथेच दाराशी मेथी निवडत होते.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "त्यास्ले वाईट वाटी ऱ्हायनं," हळूच म्हणाल्या. मग डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवून मला गप्प राहायला सांगितलं आणि पदराखालून उजवा हात काढला. तो थरथरत पुढे सरकला. एकदा घसरला. बोटं कॅसेटवर वळली, घट्ट झाली. त्यांनी ओढली. कॅसेट वाकडी होऊन अर्धी बाहेर आली आणि पडद्यावर मुंग्या.

"आयकं का? फुक मारा!"

नाना धावत आले, हातात चहाची गाळणी तशीच. वाकडी कॅसेट पाहिली. दाराशी बसलेल्या मला पाहिलं, माझ्या हातात मेथी. अक्कांचं डावं बोट पुन्हा ओठांवर गेलं होतं. आणि उजवा हात खाचेजवळ, परत नेता न आलेला.

नानांनी कॅसेट घेतली, भिंतीकडे तोंड केलं आणि फुंकत राहिले. किती वेळ! खांदे हलत होते.

"पुरं व्हयनं," अक्का म्हणाल्या. "डोया पुसा आन बसा."

"रडी नही ऱ्हायनू," नाना छातीवर हात ठेवून म्हणाले. "डोयामां पीठ गयं."